किती पटीनं पाहायचं?

दुर्बीण घ्यायची आहे आणि मनात एकच आकडा घोळतो आहे. बारा पट, पंधरा पट, जमलं तर वीस. हे मनन त्या आकड्यापाशी थोडा वेळ बसण्यासाठी आहे. सावकाश वाचा. जिथे ‘थांबा’ असं येईल तिथे खरोखर थांबा, चार श्वास जाऊ द्या आणि मगच पुढे या.

आधी एक जागा मनात आणू. नाशिक जिल्ह्यातल्या निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा आहे. महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून २०२० मध्ये ते जाहीर झालं. हिवाळ्यातली सकाळ आहे, तुम्ही निरीक्षण मनोऱ्यावर उभे आहात. जवळच्या पाण्यात काळे चांदवे पोहताहेत, कपाळावरची पांढरी खूण साध्या डोळ्यांनीही दिसते. त्यांच्या पलीकडे थापट्या बदकांचा थवा चोची पाण्यात घालून पुढे सरकतो आहे. आणि त्याच्याही पलीकडे, चिखलाच्या काठावर, एक बारीकसा करडा ठिपका चालतो आहे. ती तुतवार असावी. पण कुठली? पाय पिवळसर आहेत की गडद हिरवट? पाठीवर ठळक ठिपके आहेत का?

थांबा. ‘कळायलाच हवं’ ही ओढ आत कुठे जाणवते ते पाहा.

ही ओढ फार जुनी आहे. शिकाऱ्याच्या डोळ्यात ती होती आणि निरीक्षकाच्या डोळ्यातही तीच आहे. सलीम अलींनी लहानपणी छऱ्याच्या बंदुकीनं एक चिमणी पाडली. पिवळ्या कंठाची ही चिमणी कुठली, हे विचारायला ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले आणि तिथून त्यांचं आयुष्यच पक्ष्यांकडे वळलं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आपल्याकडे शिकारीचा मार्ग बंद झाला. दुर्बीण मात्र राहिली, आणि तिच्यासोबत तो एकाग्र डोळाही. म्हणून ही ओढ दाबू नका. तिला नीट वळण मिळावं एवढंच आपल्याला पाहायचं आहे.

आता आकडा हातात घेऊ. दुर्बिणीवर ८×४२ असं लिहिलेलं असतं. पहिला आकडा किती पट मोठं दिसेल ते सांगतो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये सांगतो. तो ठिपका ९०० मीटरवर आहे असं धरा. दहा पटीच्या दुर्बिणीतून तो ९० मीटरवर असल्यासारखा दिसेल, पंधरा पटीच्या दुर्बिणीतून ६० मीटरवर. म्हणजे वरच्या पाच पटींनी मिळतात ते हे मधले ३० मीटर. ते खरे आहेत, कधी कधी पायांचा रंग त्या तिसांतच उलगडतो. पण त्यांची किंमत कुठे मोजावी लागते, ते एकेक करून पाहू.

पहिली किंमत हात मोजतात. आत्ता, वाचता वाचता, दोन्ही हात डोळ्यांपाशी न्या, जणू दुर्बीण धरली आहे. कोपरे हवेत राहू द्या. थांबा. खांद्यात ताण येतो. बोटांत बारीक थरथर असते. श्वासासोबत हात किंचित वर जातात, किंचित खाली येतात. एरवी हे कुणाच्या लक्षातही येत नाही. पण दुर्बीण पक्ष्याला जितकी मोठी करते, तितकीच या थरथरीलाही करते. पंधरा पटीची दुर्बीण हातात धरून पाहिलं की चिखलावरची तुतवार आपल्या नाडीच्या ठेक्यावर उडत राहते. पिसांच्या कडा विरघळतात. पक्षी जवळ आलेला असतो, पण पाहून होत नाही. त्यापेक्षा आठ पटीत तो लहान पण ठाम दिसतो, आणि ठाम दिसणाऱ्या लहान चित्रातून डोळा जास्त वाचतो.

काठोकाठ भरलेला तांब्या हातात असला की चाल आपोआप मंदावते. मोठ्या पटीची दुर्बीण तसाच मंदपणा मागते. तिला ट्रायपॉड लागतो किंवा कोपरे टेकायला कठडा तरी. १५×५६ च्या दुर्बिणीचं वजन किलोच्या वर जातं. ती गळ्यात अडकवून दिवसभर हिंडणं मानेला झेपत नाही.

दुसरी किंमत रुंदीची आहे. आठ पटीच्या चांगल्या दुर्बिणीतून हजार मीटरवर साधारण १३० मीटर रुंदीचा पट्टा दिसतो. पंधरा पटीत तो ७५ मीटरच्या आसपास येतो. रुंदी आणि उंची दोन्ही आखडतात, म्हणून दिसणारा परिसर जवळजवळ एक-तृतीयांश उरतो. डोळे मिटा आणि मनातल्या मनात ते वर्तुळ लहान करत न्या. थांबा. थवा एकाएकी का उठला? वरून भोवत्या हा शिकारी पक्षी येत होता, पण तो त्या वर्तुळाच्या बाहेर होता. ज्याला उडता पक्षी पकडायचा आहे, झाडीतली हालचाल टिपायची आहे, त्याला ही बाहेर राहिलेली जागा फार महाग पडते.

तिसरी किंमत प्रकाशाची. पुढच्या भिंगाच्या व्यासाला पटीनं भागा. ८×४२ मध्ये सव्वापाच, म्हणजे ५.२५ मिलिमीटर येतात. १५×५६ मध्ये ३.७ च्या आसपास. दुर्बिणीतून डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशझोताची ही जाडी आहे. ती नुसत्या डोळ्यांनी पाहता येते. दुकानात दुर्बीण हातभर लांब धरा, उजळ आभाळाकडे रोखा, सूर्याकडे मात्र चुकूनही नको. डोळ्याकडच्या भिंगात एक लख्ख वर्तुळ तरंगताना दिसेल. ते पूर्ण गोल आहे का? त्याच्या कडा कापल्यासारख्या, चौकोनी झाल्या आहेत का? हे पाहायला घाई करू नका. गोल, एकसारखं उजळ वर्तुळ आतल्या प्रिझमबद्दल बरंच काही सांगून जातं.

भर दुपारी आपली बाहुली दोन-तीन मिलिमीटरांपर्यंत आकसलेली असते, तेव्हा ३.७ चा झोतही पुरून उरतो. पण वनातलं जग पहाटे आणि सांजेला हलतं. तेव्हा बाहुली पसरते, तरुणपणी सात मिलिमीटरांपर्यंत, पुढे वय वाढतं तशी कमी. त्या वेळी रुंद झोत कामी येतो. तुमचं वय आणि तुमच्या जाण्याच्या वेळा यांचा इथे शांतपणे विचार करा. थांबा.

चौथी गोष्ट आपल्या हातातच नाही. ऊन चढलं की जमिनीवरची हवा थरथरू लागते. उन्हाळ्यात माळावर सकाळचे काही तास सरले की दूरचं हरीण पाण्यात उभं असल्यासारखं हलतं. ती थरथर कुठलंही महागडं भिंग पुसू शकत नाही, मोठी पट तर ती आणखी मोठी करून दाखवते. तेव्हा दुर्बीण खाली ठेवावी आणि सावलीत बसावं.

मग मोठी पट कोणासाठी? ॲरिझोनाच्या कोरड्या डोंगरात कूझ हरणाच्या मागावर असलेले शिकारी १५×५६ सारखी दुर्बीण ट्रायपॉडवर लावतात आणि समोरचा उतार तासन्‌तास बसल्या जागी चाळतात. एक पट्टा झाला की दुसरा. झुडपाआडून डोकावणारा कान, शिंगाची एखादी रेघ, एवढ्यावर त्यांची नजर ठरते. त्यांच्या हेतूशी आपण सहमत असू वा नसू, त्यांच्या बसण्यात शिकण्यासारखं आहे. ते आधी स्थिर होतात, मग मोठं करून पाहतात. या क्रमातच दुर्बीण निवडण्याचं सगळं सार आहे: जेवढं स्थिर राहता येईल तेवढीच पट घ्यावी.

आता स्वतःला चार प्रश्न विचारा, प्रत्येकानंतर थोडं थांबून. मी चालतो की बसतो? चालत असाल तर आठ पट, फार तर दहा. तासभर एका जागी बसायची तयारी असेल तर ट्रायपॉडसह बारा किंवा पंधरा. मला चष्मा आहे का? असल्यास आयकप खाली करून पूर्ण वर्तुळ दिसतं का ते तपासा, डोळा भिंगापासून किमान १५ मिलिमीटर दूर राहूनही चित्र पुरं दिसायला हवं. माझे दोन्ही डोळे सारखे आहेत का? क्वचितच असतात. उजवा डोळा झाकून मधल्या चाकानं डाव्याचा फोकस जुळवा, मग डावा झाकून डायॉप्टरनं उजव्याचा. मी पावसात, कोकणच्या दमट हवेत जातो का? मग आत नायट्रोजन भरलेली, पाणी न शिरणारी दुर्बीण घ्या आणि घरी कोरडी ठेवा. भिंगाला एकदा बुरशी धरली की ती सहज निघत नाही.

या उत्तरांतून जो आकडा येईल तो कदाचित मनात आणलेल्या आकड्यापेक्षा लहान असेल. तो स्वीकारा. आणि तो मोठा आला, तर त्यासोबत आलेली जबाबदारीही घ्या. मोठ्या पटीचा खरा उपयोग काठावर आणखी पुढे सरकण्यासाठी नसतो, मागे थांबता यावं यासाठी असतो. आपण जवळ गेलो की तुतवार उडते, आणि उडालेल्या पक्ष्याचं चरणं तेवढं कमी होतं. आपण दूर राहिलो तर ती चिखलात चोच खुपसत राहते आणि तिच्या पायांचा रंग कळायला आपल्याला पुरेसा वेळ मिळतो. दुर्बीण विकत घेताना हे अंतर राखायचं ठरवून घ्या.