तळीचे पाणी कोणाचे?

देवळाची तळी साफ करण्याची वेळ आली म्हणजे पाणी उपसावे, शेवाळ खरवडावे, ब्लीचिंग पावडर टाकावी, असे ठराव सहज संमत होतात. पाणी देवाचे, तेव्हा ते निर्मळ असावे, यास विरोध कोण करील? परंतु त्या पाण्यात आणखी कोण नांदते, हे ठरावाच्या वेळी आम्हांपैकी कोणी विचारीत नाही.

तळीच्या दगडी भिंतीकडे जरा रोखून पाहावे. काळ्या-करड्या ठिपक्यांचा एक चतुर पंख पसरून भिंतीस अगदी चिकटून बसलेला असतो. उडेपर्यंत तो दिसतच नाही. ब्रॅडिनोपिगा जेमिनाटा हे त्याचे शास्त्रीय नाव. रांबूर या फ्रेंच कीटकशास्त्रज्ञाने १८४२ साली त्याचे वर्णन केले. खडकांतील डबक्यांप्रमाणेच माणसाने बांधलेले हौद आणि टाक्याही त्याने आपल्याशा केल्या आहेत. मादी शेपटीचे टोक पाण्यास टेकवीत अंडी सोडते. त्यांतून निघणारे पोर पाण्यातच वाढते, आतड्याच्या शेवटच्या भागातील कल्ल्यांनी श्वास घेते, आणि खालचा ओठ हातासारखा पुढे फेकून डासांच्या अळ्या पकडते. पुढे एके दिवशी ते भिंतीवर चढते, पाठीवर कात उकलते, आणि आतून पंखांचा चतुर बाहेर येतो. रिकामी कात दगडास तशीच धरून राहते.

डास खातो ना, मग राहू द्या, असे कोणी म्हणेल. हा युक्तिवाद सोयीचा खरा, पण आम्हांस पुरता पटत नाही. उपयोगी म्हणून जगू द्यावयाचे, तर निरुपयोगी ठरताच मारण्याची मुभा मिळते. (डासाची अळीही जीवच, पण हिवताप पाहिलेल्या घरांनी तिची बाजू घ्यावी, अशी आमची अपेक्षा नाही.)

धर्मशास्त्राने दान आणि उत्सर्ग यांत भेद केला आहे. दानाने वस्तू दुसऱ्या एकाची होते. तडागाच्या उत्सर्गात कर्ता आपला हक्क सोडून पाणी सर्व भूतांस मोकळे करतो. तोही ते पाणी पिऊ शकतो, पण मालक म्हणून नव्हे, सर्वांपैकी एक म्हणून. त्या 'भूतां'त रांगणारे, पोहणारे सारेच आले. मग आम्ही समितीची माणसे तळीचे मालक कसे? फार तर राखणदार.

तळी साफ करूच नये, असे आमचे म्हणणे नाही; पाणी कुजले तर चतुराची पोरेही गुदमरतात. मात्र सारे पाणी न उपसता एका बाजूचा गाळ काढावा, दुसरी बाजू काही आठवडे तशीच ठेवावी, आणि पावडर वर्ज्य करावी. काम लांबेल, मजुरी वाढेल. ती कोणत्या सदरात मांडावी, हे खजिनदारांनी ठरवावे.