तिसरं पत्र

बहिणीची नात अमेरिकेत कॉलेजच्या पहिल्या वर्षाला आहे. परवा तिचा फोन आला. "आजी, ऑनर्स प्रोग्रॅमला नाव घालू का? पुढे पीएच.डी.च्या ॲडमिशनला उपयोग होतो म्हणतात." त्यात मिळतं काय, असं मी विचारलं. विषय निवडताना आधी नंबर लागतो, वेगळं हॉस्टेल असतं, वर्ग लहान असतात आणि शेवटच्या वर्षी प्रबंध लिहायचा असतो. मी म्हटलं, पहिल्या दोन गोष्टी विसर, शेवटच्या दोन धर.

मी रसायनशास्त्र शिकवलं आणि शिफारसपत्रं ढिगाने लिहिली. तिकडच्या पीएच.डी.च्या अर्जासोबत बहुधा तीन पत्रं लागतात. अर्ज वाचतात त्या विभागातले प्राध्यापक. पुढची पाचेक वर्षं अर्ज करणारी मुलगी त्यांच्याच प्रयोगशाळेत असणार. प्रयोग फसला की ही काय करते, हे त्यांना हवं असतं. गुणपत्रिकेवरच्या 'ऑनर्स' या एका शब्दातून ते कळत नाही. दोन पत्रं कुठूनही मिळतात: हुशार, कष्टाळू, वर्गात पहिली. अशी पत्रं मीही लिहिली, आणि त्याची मला खंत आहे. तिसरं पत्र मात्र मुलीला काम करताना पाहिलेल्यानेच लिहावं लागतं.

असं एक पत्र माझ्या हातून एका बैठकीत दोन पानं झालं. त्या मुलीची रीडिंग्ज तीन आठवडे जुळत नव्हती. शेजारच्या टेबलावर आकडे बसवून वह्या सह्यांना गेल्या होत्या. ही ब्युरेट धुऊन पुन्हा उभी. शेवटी तिने थायोसल्फेटची बाटलीच तपासायला घेतली. द्रावण ठेवून ठेवून बिघडलेलं होतं. हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं, म्हणून लिहिता आलं.

अमेरिकेत ऑनर्सची जी वाट रुळली, तिच्या मुळाशी हे जवळून पाहणंच होतं. फ्रँक आयडेलॉट ऑक्सफर्डला शिकलेले. १९२२ साली त्यांनी पेनसिल्व्हेनियातल्या स्वार्थमोर कॉलेजात ही पद्धत सुरू केली. मोजकी मुलं, दर आठवड्याला एकत्र बसून चर्चा, आणि शेवटी परीक्षा घ्यायला बाहेरचे परीक्षक. आपल्याकडे प्रॅक्टिकलला 'एक्स्टर्नल आले' म्हटलं की पोटात गोळा यायचा. तिथे त्याच एक्स्टर्नलमुळे शिक्षक मुलांच्या बाजूला येऊन बसला. दोघांनाही मिळून तिसऱ्याला सामोरं जायचं होतं.

इथेही आता पदवीचं चौथं वर्ष आलं आहे. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के मिळाले तर संशोधनासह ऑनर्स करता येतं, त्यात १२ श्रेयांकांचा प्रकल्प असतो. आपल्या मुलांनाही मी तेच सांगेन जे नातीला सांगितलं: नाव घालण्याआधी विचारून ये, प्रबंधाचे कच्चे खर्डे वाचणार कोण? नाव सांगता आलं तर आनंदाने जा. नाही तर ऑनर्स राहू दे, एखाद्या प्रयोगशाळेत भांडी विसळायला का होईना, पण या सत्रापासूनच उभी राहा.