हातून सुटलं ते टिकलं

नगरमध्ये आम्हा ख्रिस्ती लोकांच्या पाठीमागे अजूनही कधीमधी म्हटलं जातं, ‘पोटासाठी बाटलेले’. माझ्या आजोबांपुरतं ते निम्मं खरं आहे. १८९९-१९०० च्या दुष्काळात आईबाप गेले आणि ते व त्यांचा थोरला भाऊ मिशनच्या बोर्डिंगात आले. तिथे भाकरी मिळाली, सुतारकाम मिळालं आणि बाप्तिस्माही मिळाला. पाच-सहा वर्षांच्या पोराने यातलं काय मागून घेतलं आणि काय आपसूक अंगावर आलं, हे कोण सांगणार? मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला, रविवारी उपासनेला जातो, आणि हा प्रश्न मला बाहेरच्यांइतकाच छळतो. भाकरी देणाऱ्याचा खाणाऱ्याच्या मनावर हक्क किती?

मिशनऱ्यांचा इतिहास वाचताना उत्तर मिळतं, पण मिशनरी स्वतः ते शोधत होते तिथे नाही. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी १८१३ साली मुंबईत उतरले, तेव्हा कंपनी सरकार त्यांना परत धाडायच्या बेतात होतं. हॉलसाहेब कसेबसे राहिले, मराठी शिकले आणि १८२६ मध्ये नाशिककडच्या प्रवासात पटकीने गेले. तोवर बाप्तिस्म्यांच्या रकान्यात भरण्याजोगं फारसं काही हाती लागलं नव्हतं. वर्षाच्या अहवालावर तोलायचं, तर तो सगळा उद्योग फसलेलाच म्हणावा लागेल.

त्यांचा छापखाना मात्र पाहण्यासारखा आहे. तो उभारला धर्मपुस्तकं छापायला. तिथलं काम पाहून शिकलेल्या गणपत कृष्णाजींनी स्वतःचं यंत्र उभं केलं आणि १८३१ साली पंचांग छापलं. शाईत चरबी असते म्हणून लोक विटाळ मानत, तर त्यांनी तुपाची शाई केली. जावजी दादाजी पोरवयात याच मिशनच्या छापखान्यात खिळे घासत. त्यांच्या निर्णयसागर छापखान्यातून पुढे संस्कृत ग्रंथ देशभर गेले. बायबलासाठी आणलेल्या विद्येवर हिंदू धर्मग्रंथ घरोघर पोहोचले. मिशनच्या दृष्टीने हा तोटा असेल. मला तो त्यांचा सर्वांत मोठा दानधर्म वाटतो.

शाळांचंही तेच झालं. सिंथिया फॅरार ही अविवाहित बाई १८२७ मध्ये मुंबईत आली, पुढे नगरला मुलींना शिकवत राहिली आणि १८६२ मध्ये नगरातच वारली. जोतीराव फुल्यांनी तिची शाळा पाहिली, १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली आणि सावित्रीबाईंना शिक्षिका केलं. मिशनऱ्यांविषयी त्यांना आदर होता, पण ते ख्रिस्ती झाले नाहीत. १८७३ मध्ये त्यांनी स्वतःचा सत्यशोधक समाज काढला. फॅरारबाईंच्या वहीत या माणसाची नोंद कुठल्या रकान्यात पडली असती?

ज्यांनी ख्रिस्त स्वीकारला, तेही मिशनचे अंकित झाले नाहीत. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडात झाला. ज्या ख्रिस्ती मठातल्या भगिनींनी त्यांना तिथे आसरा दिला, त्यांच्याशीच त्या पत्रांतून वाद घालत राहिल्या, कारण आपल्या सद्विवेकावर त्यांना दुसऱ्या कुणाची सत्ता मान्य नव्हती. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि १९१७ मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ काढला. त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यालाही जागा होती.

पण घेणारा पुढे देणारा झाला की त्याचीही परीक्षा सुरू होते. रमाबाईंनी काढलेल्या शारदा सदनातल्या मुली त्यांच्या प्रार्थनेला बसू लागल्या, तेव्हा रानडे, भांडारकर यांच्यासारख्या सल्लागारांनी १८९३ मध्ये अंग काढून घेतलं. धर्मात ढवळाढवळ होणार नाही या भरवशावर तिथे लेकी ठेवलेल्या लोकांना फसल्यासारखं वाटलं असेल, तर मी त्यांना दोष देणार नाही. दार उघडं होतं, बळजबरी नव्हती, हे रमाबाईंचं म्हणणंही खरं. पण आश्रिताचं ‘हो’ कधीच पुरतं मोकळं नसतं. माझ्या आजोबांचंही नव्हतं.

आजोबा मोठे झाल्यावर मिशनच्या कामावरून बाहेर पडले आणि स्वतःचं दुकान थाटून खाटा-दरवाजे करू लागले. भाकरी मिशनची राहिली नाही तरी उपासना सुटली नाही. टिळकांचे अभंग ते टाळ घेऊन म्हणत. थोरला भाऊ मात्र गावी परतला आणि खंडोबाची तळी भरू लागला. मंडळीच्या यादीतून त्याचं नाव कापलं गेलं. आजोबा म्हणत, “आम्ही दोघांनीही भाकरीची किंमत फेडली नाही. भाकरीला किंमत नसतीच.” दुष्काळातल्या मिशनऱ्यांविषयी याहून न्याय्य निवाडा मी वाचलेला नाही. त्यांनी दोन पोरं जगवली. पुढचा हिशेब त्या पोरांचा.

मिशनने जे घट्ट धरून ठेवलं त्याचं काय झालं, हेही सांगायला हवं. बंगले, जमिनी, विश्वस्तांचे अधिकार यांवरून आज ख्रिस्ती माणूस ख्रिस्ती माणसाशी कोर्टात भांडतो. सोडलेल्या छापखान्याने आणि शाळेने महाराष्ट्र बदलला. धरून ठेवलेल्या मालमत्तेने वकील पोसले.

म्हणून सेवा करणाऱ्या कुणालाही, तो कुठल्याही धर्माचा, पक्षाचा वा संस्थेचा असो, मी एकच विचारतो. उद्या हा माणूस तुमचं अन्न खाऊन, तुमची विद्या घेऊन तुमच्याच विरोधात उभा राहिला, तरी त्याचं पान वाढाल का? ‘हो’ म्हणवत नसेल, तर त्याला सेवा म्हणू नका. ती उधारी आहे.