युक्ताहार आणि स्वतःचा निश्चय

श्रीगीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंतांनी सांगितले आहे की, जो अति खातो त्याला योग साधत नाही आणि जो मुळीच खात नाही त्यालाही साधत नाही. युक्त आहार-विहार करणाऱ्याचेच दुःख योगाने दूर होते. हा उपदेश अनेकांना मुखोद्गत असतो. तरीही पानात वाढलेले पक्वान्न नाकारताना मन कचरते. ज्ञान असते, निश्चय नसतो. तो निश्चय जागवावा कसा?

पुष्कळ घरांत त्यासाठी टोचणीचा मार्ग धरला जातो. स्थूल झालेल्या मनुष्याला भरल्या पानावर बोल लावले जातात, चारचौघांत त्याच्या देहाची थट्टा होते. परिणाम विपरीतच होतो. तो आपल्या खाण्याचे समर्थन करू लागतो आणि पुढे चोरून खातो. दुसऱ्याने लादलेला संयम त्याची पाठ वळताच सुटतो.

कोलकात्यासमोर गंगेच्या पश्चिम तीरावर हावडा आहे. त्या जिल्ह्यातील बेलूर मठात १९०१ साली स्वामी विवेकानंद मधुमेह व अंगावरील सूज यांनी आजारी होते. वैद्यांनी पाणी व मीठ वर्ज्य करून त्यांना दुधावर ठेवले. उन्हाळ्याचे दिवस आणि स्वामीजींना वारंवार पाणी पिण्याची सवय. हे पथ्य कसे निभावेल, असे शिष्य शरच्चंद्र चक्रवर्ती यांना वाटले. स्वामीजींनी सांगितले की, पाणी सोडावयाचे हे कळताच आपण दृढ निश्चय केला, आणि आता पाण्याची आठवणही होत नाही. ती चिकित्सा त्या काळची व त्या रोगापुरती. पाणी तोडण्याचे अनुकरण कोणीही करू नये. घेण्यासारखे आहे ते तत्त्व: गुरुबंधूंनी प्रेमाने आग्रह केला, परंतु निश्चय स्वामीजींचा स्वतःचा होता.

सामान्य मनुष्यात असा निश्चय जागविण्याची रीत गीतेतच आहे. भगवंतांनी अर्जुनाची व्यथा प्रथम पूर्णपणे ऐकून घेतली. सर्व उपदेश केल्यानंतरही, याचा नीट विचार कर आणि मग इच्छेस येईल तसे कर, असेच ते म्हणाले. तेव्हा अर्जुनाने आपल्याच मुखाने आपला निर्धार सांगितला. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी १९८३ साली मद्यासक्तांसाठी अशाच धर्तीची समुपदेशनाची पद्धत मांडली. पुढे आहार व वजन यांच्या बाबतीतही तिचा उपयोग होऊ लागला. तिचे मर्म हेच की, बदलाची कारणे रोग्याच्या मुखातून यावीत. सल्लागाराने ती लादू नयेत.

म्हणून गृहस्थाश्रमी सज्जनांनी आप्तांना दोष देण्याऐवजी एकांतात प्रेमाने विचारावे, "हे शरीर हलके झाले तर आपल्याला काय करावेसे वाटेल?" कोणी म्हणेल, देवळाच्या पायऱ्या चढाव्यात, कोणी म्हणेल, नातवंडांना खेळवावे. ते शांतपणे ऐकावे. मग एकच लहानसा नियम त्याने स्वतः निवडावा: दुसऱ्यांदा वाढून घेणे टाळावे, अथवा रात्रीचे जेवण हलके ठेवावे. मधुमेहासारखा रोग असल्यास वैद्यांचा सल्ला आधी घ्यावा. घरातील इतरांनीही तसेच साधे अन्न आनंदाने खावे. एकाला पथ्य आणि बाकीच्यांना पंचपक्वान्न, हे सहाय्य नव्हे.

एखादे दिवशी नियम मोडला तरी धिक्कार करू नये. चंचल मन अभ्यासाने व वैराग्याने आवरते, आणि कल्याणाच्या वाटेवर चालणाऱ्याची दुर्गती होत नाही, हे भगवंतांचेच आश्वासन आहे. प्रत्येकाने आपला उद्धार आपणच करावयाचा असतो. आप्तांनी त्याला धीर द्यावा आणि त्याच्या वाटेतील अडथळा तेवढा दूर करावा.