एका पत्त्याचा कौल

नागपूर-हैदराबाद महामार्गाला जिथून वरोरा-चंद्रपूरची वाट फुटते, त्या समुद्रपूर तालुक्यातील जामच्या चौरस्त्यावर जूनच्या आरंभी एकदा गाडीची प्रतीक्षा करीत असता, पोपटाचा पिंजरा आणि पाकिटांची चळत मांडून बसलेल्या एका ज्योतिष्यापुढे साठीच्या घरातील एक शेतकरी, कपाशीच्या बियाण्याच्या दोन थैल्या पायाशी ठेवून, उकिडवा बसलेला मी पाहिला. पोपटाने (तो पाळण्यास १९७२च्या वन्यजीव कायद्याने मनाई आहे, पण हा प्रश्न तिथे कोणी काढला नाही) चोचीने एक पाकीट ओढले, आणि आतून द्रोणागिरी घेऊन उड्डाण करणारा मारुती निघाला. "कष्ट हायेत, पन फळ हाये," ज्योतिषी म्हणाला. शेतकरी त्रासून म्हणाला, "ते नोका सांगू जी महाराज. यंदा पऱ्हाटी लावू का नाही, येवढंच बोला. हो, नाहीतर नाही."

टॅरोच्या ७८ पत्त्यांतून एकच पत्ता उचलून होकार वा नकार मागण्याचा जो प्रघात शहरांतून हल्ली रूढ झाला आहे, त्याची अडचण या त्राग्यात पुरती आली. आपल्या सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफाप्रमाणे हे पत्तेही मुळात खेळाचेच. पंधराव्या शतकात ते उत्तर इटलीत निर्माण झाले, आणि त्यांत मिसरचे गूढ ज्ञान दडले आहे हा शोध १७८१ साली एका फ्रेंच पंडिताने लावला. चित्राचा स्वभाव असा की ते पुष्कळ बोलते, परंतु विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर देण्यास बांधलेले नसते. मारुतीने पर्वत उचलला यात सामर्थ्य वाचावे, की वनस्पती ओळखता न आल्यामुळे सबंध डोंगर वाहण्याचा व्याप वाचावा? टॅरोतील बारावे चित्र एका पायाने उलट्या टांगलेल्या पुरुषाचे आहे. त्यात कोणी नकार पाहतो, कोणी विलंब, आणि तोच पत्ता उलटा पडला म्हणजे तो पुरुष चक्क पायांवर उभा दिसू लागतो!

कोकणातील देवळांत कौल लावतात, तिथली शिस्त याहून कडक आहे. गुरव देवाच्या पाषाणाला कळे चिकटवितो. पण त्याआधी गाऱ्हाणे घालून, काम होणार असेल तर उजवा दे, नसेल तर डावा दे, हे तो भरल्या सभामंडपात मोठ्याने बोलतो आणि मंडळी "व्हय म्हाराजा" म्हणून त्यास रुजुवात देतात. अर्थ आधी ठरतो, कळा मागाहून पडतो. अर्थ लावणाऱ्यास हात घालण्यास मध्ये जागाच राहत नाही. 'कौल' हा शब्द मूळचा अरबी, वचन या अर्थाचा, आणि पडीत जमीन लागवडीस आणणाऱ्या रयतेस सरकार जो कौलनामा देई, तोही याच शब्दाचा. त्या दस्तऐवजात उद्या पाऊस पडेल की नाही याचे भाकीत नसे. सारा इतका घेऊ, अधिक घेणार नाही, एवढा करार असे. देवाच्या कौलाकडेही मी याच दृष्टीने पाहतो: तो भविष्याचे ज्ञान नव्हे, तर विचारणाराने स्वतःस बांधून घेणे आहे. गीतेच्या अठराव्या अध्यायात सर्व काही सांगून झाल्यावर भगवंतांनीसुद्धा अर्जुनाच्या हाती चिठ्ठी दिली नाही. पूर्ण विचार करून इच्छेस येईल ते कर, असे सांगून निर्णय त्याच्याच पदरात घातला.

एक पत्ता काढणारास म्हणून माझी एवढीच विनंती आहे, की कोणते चित्र नकाराचे, हे पत्ता उलटण्यापूर्वी कागदावर लिहावे आणि तो कागद दुसऱ्याच्या हाती द्यावा. जामच्या त्या शेतकऱ्यापाशी असा कागद नव्हता. चंद्रपूरची गाडी लागली तेव्हा ज्योतिषी अजून मारुतीचा अर्थ सांगत होता, आणि शेतकऱ्याने दोन्ही थैल्या काखेत मारल्या होत्या.