कुमुद, कमळ आणि भिडेचें मौन

आमच्या परसांतील हौदांत चार वर्षें जें फूल फुलत होतें, त्यास आम्ही कमळ म्हणत होतों. रोप विकणाऱ्यानें तसें सांगितलें होतें, व अधिक चौकशी करण्याची गरज कोणास वाटली नाहीं. शेजारच्या आजी दर शुक्रवारीं लक्ष्मीसाठीं त्यांतील एक फूल नेत. पुढें एका ग्रंथांतील चित्र पाहतांना माझें लक्ष पानाकडे गेलें, आणि आपलें कमळ हें कुमुद आहे असें कळून चुकलें.

ओळख तशी सोपी आहे. फुलाच्या मोहानें आपण पान पाहत नाहीं, एवढेंच. कुमुदाचें पान कांठापासून देठापर्यंत चिरलेलें असतें व तें पाण्यावर पसरून राहतें. कमळाचें पान अखंड वाटोळें. देठ बरोबर मध्यावर जोडलेला, आणि वाढलेलीं पानें पाण्याबाहेर उभीं राहतात. लिनियसनें १७५३ सालीं दोघांस एकाच वंशांत घातलें होतें. आतां कमळाचें जवळचें नातें चिनार वृक्षाशीं ठरलें आहे! आपण ज्यास नीलकमळ म्हणतों, तेंही वस्तुतः कुमुदच. खरें कमळ निळें नसतें.

पण आजींना हें सांगावें काय? श्रद्धा वनस्पतिशास्त्रावर अवलंबून नसते. मग एका वृद्धेच्या मनांत निष्कारण विकल्प कां उत्पन्न करावा? हा युक्तिवाद मला फार पटला, आणि फार पटला म्हणूनच त्याचा संशय येऊं लागला. आजींचें मन दुखावेल ही भीति होतीच. परंतु येणाऱ्याजाणाऱ्यांस चार वर्षें कमळाविषयीं ऐकविलेलें माझें पांडित्य हास्यास्पद ठरेल, ही भीति तिच्याहून मोठी होती. शिवाय देवीस काय वाहावें हें ठरविण्याचा अधिकार वाहणारीचा. तो मीं न विचारतां स्वतःकडे घेतला होता.

गुपचूप खरें कमळ लावून चूक बुजवावी, असाही बेत केला. कमळाचें बीं मोठें चिवट. चीनमधील आटलेल्या सरोवराच्या तळचें सुमारें १३०० वर्षांपूर्वींचें बीं रुजल्याची हकीकत १९९५ सालीं प्रसिद्ध झाली आहे. त्याचें कवच कानशीनें घासून आंतला पांढरा भाग दिसूं लागला, म्हणजे तें कोमट पाण्यांत ठेवावें. माझीं बियाणीं रुजलीं. चिकणमातीच्या टोपांत तीं लावलीं. परंतु बियांपासून केलेलें कमळ बहुधा पहिल्या वर्षीं फुलत नाहीं, आणि शुक्रवार तर दर आठवड्यास येतो.

अखेर सांगितलें. आजींनीं पान उचलून त्या चिरेंतून बोट फिरविलें.

“मग हें चंद्राचें तें?”

“होय, कुमुद.”

“केव्हांपासून ठाऊक आहे तुला?”

“दहा शुक्रवार झाले, आजी.”

त्या कांहीं बोलल्या नाहींत. अकराव्या शुक्रवारीं आल्या, कुमुदाचें एक फूल घेतलें, आणि जातांना टोपांतील वाटोळीं पानें बराच वेळ पाहत उभ्या राहिल्या.