नवापूरचा भात, नंदुरबारचा मुक्काम

सुरतेहून बऱ्हाणपूरला जाणारी मोगलकाळातली व्यापारी वाट आपल्या खानदेशातून जायची. नवापूर, नंदुरबार, थाळनेर, चोपडा, रावेर. चोपड्याच्या माझ्या मित्राला ती मोटारसायकलवरून पालथी घालायची आहे, सोबत टॅव्हर्निएचं प्रवासवर्णन घेऊन. हा फ्रेंच जवाहिऱ्या सतराव्या शतकाच्या मध्याला इथून गेला आणि नवापूरच्या तांदळावर लुब्ध झाला: दाणा बारीक, शिजला की बर्फाहून पांढरा, वास कस्तुरीचा. “भो, नवापूरला भात खायचा, थाळनेरला तापी पाहायची, रात्री घरी शेवभाजी,” असा मित्राचा बेत.

मी म्हटलं, मग पीटर मंडीचीही वही घे. ईस्ट इंडिया कंपनीचा हा नोकर नोव्हेंबर १६३० मध्ये, टॅव्हर्निएच्या थोडाच आधी, याच वाटेने आग्र्याला निघाला होता. त्या साली पावसाने दगा दिलेला. नंदुरबारला पोचला तर गावात प्रेतं एवढी पडलेली, की लहानसा तंबू ठोकायला जागा सापडेना. वाटेत माणसं जनावरांच्या शेणातून दाणे वेचत होती. आणि माळव्यातलं धान्य बैलांच्या पाठीवरून बऱ्हाणपूरकडे चाललेलं. तिथे शहाजहानची छावणी होती. पाऊस पडला नाही हे खरं, पण धान्याचे बैल कुणीकडे वळवायचे हे काही पाऊस ठरवत नाही.

जुन्या प्रवाशाच्या मागे जाणारे बहुधा ठिकाणं जुळवत बसतात. थाळनेरच्या ढासळत्या तटापाशी ती जुळतीलही. साल कसं जुळवणार? दोघांनीही डोळ्यांना दिसलं तेच लिहिलं. आपण गेलो तर यावल-रावेरकडे दुतर्फा केळीच्या बागा लागतील, आणि आपणही ‘सुपीक मुलूख’ असं लिहून मोकळे होऊ. त्या बागांमागे बोअर किती खोल गेलेत, हे गाडीवरून दिसत नाही.

मित्राला हे पटलं, दोन्ही पुस्तकं घ्यायची ठरली. आता वाद आहे तो महिन्याचा. तो म्हणतो, दिवाळीनंतर. मी म्हणतो मे, विहिरींचे तळ दिसतात तेव्हा.

“मे महिन्यात आपल्याकडे कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही,” तो म्हणाला, “तू सोडशील?”